मंगळवार-शुक्रवारची घोडी

प्रणितला बोलायला शिकवलं ते घोडीनं. नागपूरच्या डॉक्टरांना ते जमलं नाही, सव्वा वर्ष जिभेवर वेखंड उगाळून लावणाऱ्या वैद्याला जमलं नाही, आणि नवस बोलून बोलून ज्यांच्या दारच्या पायऱ्या झिजवल्या त्या देवांनी तर कानच दिला नाही.

ऊर्जानगरच्या क्वार्टरमध्ये राहणाऱ्या दादाजी पिंपळकर आणि आशाबाईचा हा थोरला मुलगा. जन्मला तेव्हा वेळेवर रडला नाही. ते रडणं तेवढं राहिलं आणि मग बाकीचंही सगळं राहतच गेलं. डावं अंग ताठ, मान कलती, ओठांच्या कोपऱ्यात लाळ, आणि समज सहा-सात वर्षांच्या पोरावर येऊन थांबलेली. चोविसाव्या वर्षी आशाबाईनं त्याला चंद्रपूरच्या बाहेर एका ट्रस्टनं काढलेल्या सेंटरवर नेलं. तिथं अशा मुलांना घोडीवर बसवायचे. घोडी चालते तशी पाठीवरच्या माणसाची कंबर हलते, न चालणाऱ्या शरीराला चालण्याची सवय लागते, असं तिथल्या ज्योत्स्ना मॅडम सांगायच्या. मागे वसतिगृह होतं, पुढे लिंबाच्या सावलीत गोल मैदान.

घोडी होती लटारूभाऊंची. मैना तिचं नाव, पांढरीशुभ्र. मंगळवार-शुक्रवार सकाळी तिच्यावर सेंटरची पोरं बसायची आणि लग्नाच्या सिझनमध्ये संध्याकाळी नवरदेव. "पाठ तेच, बाई," लटारूभाऊ म्हणायचे. "फरक एवढाच का नवरदेव जास्त लाळ गाळते."

लटारूभाऊंची शिकवायची पद्धत मॅडमपेक्षा वेगळी होती. पोराला बसवायचं, दोरी सैल सोडायची आणि आपण तंबाखू मळत उभं राहायचं. "तू बोलशीन तेव्हाच ते निंघन." मैनाही पक्की. पाठीवरच्या पोरानं तोंड उघडल्याशिवाय एक पाय पुढे टाकायची नाही. दहा शुक्रवार-मंगळवार प्रणित तिच्यावर नुसता बसून राहिला, उन्हात लाल झाला, रडकुंडीला आला. अकराव्या दिवशी तो म्हणाला, "चल." मैना निघाली. मैदानाला अर्धा फेरा झाल्यावर घाबरून म्हणाला, "थांब." मैना थांबली. आशाबाई लिंबाखाली फतकल मारून बसली आणि भोकाड पसरून रडली. चोवीस वर्षांत तिच्या पोराचं पहिल्यांदाच कुणीतरी ऐकलं होतं.

दोन वर्षांत तो आधाराशिवाय चालायला लागला, आपल्या हातानं जेवायला लागला. मॅडमनी त्याच्याकडून एक गोष्ट घोटून घेतली. हरवला तर सांगता यावं म्हणून. रोज मैनावर बसून मोठ्यानं म्हणायचा, "प्रणित दादाजी पिंपळकर. आई आशाबाई." त्यावर आशाबाई लिंबाखालून ओरडायची, "शाबास!" आणि मगच फेरा सुरू व्हायचा.

आता हेमराजचं ऐका. हा धाकटा, प्रणितपेक्षा दीड वर्षानं लहान, माजरीला कोळशाच्या खाणीत नोकरीला, दिसायला राजबिंडा. असा मुलगा लग्नाच्या बाजारात चुटकीसरशी उठायला हवा होता. पण तीन स्थळं आली आणि तीनही अर्धा चहा बशीत सोडून उठली. आतल्या खोलीतून प्रणित हसत बाहेर यायचा, पाहुण्यांच्या पाया पडायचा, आणि पाहुण्यांचे चेहरे उतरायचे. तिसऱ्या वेळी मुलीच्या आत्यानं तोंडावरच विचारलं, "हे रक्तातलं आहे का जी?" त्या दिवशी हेमराज जेवला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाला, "आई, तू दोन वर्षं त्याच्याच मागं आहेस. मी मेलो का जिता आहो ते तरी पाह्य."

हे वाक्य आशाबाईच्या वर्मी लागलं, कारण ते खरं होतं.

चौथं स्थळ राजुऱ्याच्या गौरकारांच्या करिष्माचं आलं, तेव्हा तिनं पदर खोचला. पाहुणे यायच्या आदल्या दिवशी प्रणितला सेंटरच्या वसतिगृहात ठेवलं. भिंतीवरचा चौघांचा फोटो काढून तिथं कॅलेंडर लावलं. आणि मुलीच्या मामांनी "मुलं किती?" म्हणून विचारलं, तेव्हा दादाजींच्या आधी तीच बोलली. "एकच. हेमराज." दादाजींनी चहाच्या कपात असं काही तोंड घातलं की जणू त्यांना त्यातच बुडून मरायचं होतं.

रात्रीच्या जेवणाच्या वेळी ते म्हणाले, "हे जमन काय आपल्याले? आपला पोट्टा आहे थो."

"लगन होऊ द्या," आशाबाई म्हणाली. "अक्षता पडल्या का मी सोता सांगतो सूनबाईले. हात जोडून सांगतो. मंग कोण मोडते?"

असा हिशोब तिनं मनाशी पक्का केला होता. अक्षता पडेपर्यंत गौरकारांना प्रणित दिसता कामा नये. दिसला तर हेमराज जन्मभर बिनलग्नाचा राहणार, आणि जन्मभर आईकडे त्याच नजरेनं बघणार. एवढे तीन आठवडे निभावले की झालं. झाकली मूठ सव्वा लाखाची. नातेवाइकांनाही तिनं एकेकाला गाठून बजावलं, की वऱ्हाडात प्रणितचं नाव काढायचं नाही. सगळ्यांनी माना डोलावल्या. दुसऱ्याचं पाप झाकायला लोक फार लवकर तयार होतात, आपलंही कधी झाकायची वेळ येईल म्हणून.

सगळं जमलं, तर गुरुजींनी फाटा फोडला. थोरला बिनलग्नाचा असताना धाकट्याचं लग्न लावायचं म्हणजे दोष. उपाय? थोरल्याचं रुईशी लावून द्या. रुईच्या झाडाशी लग्न लागलं, की थोरला हिशोबातून सुटला.

क्वार्टरच्या मागे, कंपाउंडच्या भिंतीला लागून, वीज केंद्राची राख बसून बसून करडी पडलेली एक रुई होती. रविवारी सकाळी सहाला, कॉलनी उठायच्या आत, तिच्यापुढे प्रणितला उभं केलं. अंगाला हळद लावली. हेमराजचा जुना सदरा, डोक्याला टोपी, कपाळाला मुंडावळ्या. रुईला दोरा गुंडाळला, हिरव्या चोळीचा तुकडा बांधला. गुरुजींनी दोन मंगलाष्टकं म्हटली, तीही कुजबुजत, मर्तिकाला आल्यासारखं. प्रणितचा चेहरा असा उजळला होता की आशाबाईला बघवेना. तो रुईच्या पानांवरून हात फिरवत होता आणि दर ओळीला आपणच "सावधान" म्हणत होता.

विधी झाला. प्रणित अंघोळीला गेला तेवढ्यात दादाजींनी विळ्यानं ती रुई बुडापासून कापली. दोरा, चोळीचा तुकडा कुणी पाहिला तर चार प्रश्न विचारील, म्हणून. प्रणित बाहेर आला आणि भिंतीजवळचा चीक गळणारा बुंधा बघत उभा राहिला.

"बायको कुठी?"

"माहेरी गेली," आशाबाई म्हणाली.

"आणाले जाऊ?"

"हाव. जाऊ."

"मैनावर?"

त्याला जेवायला बसवायचं होतं, भांडी पडली होती, पत्रिका वाटायच्या होत्या. "हाव बावा, मैनावर," ती म्हणाली. आणि बुधवारी त्याला चार दिवसांसाठी वसतिगृहात सोडून आली.

लग्न शुक्रवारचं, गोरज मुहूर्त, बल्लारपूर रोडवरच्या एका लॉनमध्ये. मे महिना, चंद्रपूरचं ऊन, संध्याकाळचे सहा वाजले तरी डांबर चपलेला चिकटत होतं. बँड आणि घोडी बँडवाल्यानं एकदमच ठरवली होती. घोडी कुणाची हे विचारायचं आशाबाईच्या डोक्यात आलं नाही. दोन वर्षं जिच्या पाठीवर पोराला बसवलं ती संध्याकाळी नवरदेव वाहते, हे तिला पाठ होतं, आणि ऐन वेळी तेच ती विसरली. लग्नघाईत माणूस साखर विसरतो, आशाबाई घोडी विसरली.

टेम्पोतून मैना उतरली, पाठीवर लाल मखमल, कपाळावर तुरा. लटारूभाऊ हसत पुढे आले.

"बाई, पत्रिका पाह्यली आन् मले समजलं. पिंपळकर! म्हटलं, आपल्याच घरचं लगन आहे."

तिनं त्यांना दंडाला धरून बाजूला नेलं. "भाऊ, तुमच्या पाया पडतो. प्रणितचं नाव इथी काढू नका. मुलीकडच्याईले ठाऊक नाई."

लटारूभाऊंचं हसू ओठांवरच राहिलं. "पण बाई, मी तं—"

तेवढ्यात बँडवाल्यानं डोक्यावर काठी पडावी तसा ढोलावर पहिला दणका दिला, कुणीतरी "लटारू, घोडी आण!" म्हणून ओरडलं, आणि त्यांचं पुढचं वाक्य तिथंच मेलं.

ते वाक्य असं होतं, की मी तर त्याला घेऊन आलोय. सकाळी सेंटरवर फेऱ्या झाल्यावर त्यांनी वसतिगृहात सांगितलं होतं, भावाचं लग्न आहे, घरचे घाईत न्यायचं विसरले असतील, मी नेतो. थोरल्या भावाशिवाय नवरदेव घोडीवर चढतो हे त्या भल्या माणसाच्या कल्पनेतच बसत नव्हतं. प्रणित टेम्पोत गवताच्या गंजीवर उन्हानं पेंगून झोपला होता. ढोलानं त्याला जाग आली.

वरात लॉनच्या फाटकापर्यंत पोचली. पलीकडे मुलीकडची मंडळी आरतीची ताटं घेऊन उभी, पुढे करिष्माचे मामा, गुलाबी फेटा बांधलेले. हेमराज मैनावर ताठ बसलेला. आणि वरातीमागून, नाचणाऱ्या पोरांमधून वाट काढत, एक पाय ओढत प्रणित आला. अंगात सेंटरचा निळा टी-शर्ट, डोक्याला मैनावर बसताना घालायचं हेल्मेट, दंडांवर अजून न गेलेली हळद.

"थांब, मैना!"

मैना थांबली. ढोल वाजतोय, ताशा वाजतोय, लटारूभाऊ दोरी ओढताहेत, हेमराज टाचा मारतोय, पण घोडी जागची हलेना. तिला बोलणारा माणूस ठाऊक होता.

प्रणित तिच्याजवळ गेला, तिच्या मानेला गाल लावला आणि वर बघून म्हणाला, "हेमू, उतर. मले बायको आणाची आहे."

आधी लोक हसले. लग्नात असं काही घडलं तर हसायलाच असतं. बँडवाल्यांना वाटलं थांबायची खूण झाली, ते थांबले. आणि त्या शांततेत मामांनी पुढे येऊन विचारलं, "कोण आहेस बाबू तू?"

प्रणितनं पाठ सरळ केली. या प्रश्नाचं उत्तर त्याला येत होतं. दोन वर्षं घोटलेलं, एक अक्षर न अडखळता, आयुष्यात कधी बोलला नव्हता इतकं स्वच्छ तो बोलला. "प्रणित दादाजी पिंपळकर. आई आशाबाई."

दीडशे वऱ्हाडी होते. मावश्या होत्या, काका होते, त्याला कडेवर खेळवलेल्या आत्या होत्या. कुणाच्याही तोंडून शब्द निघाला नाही. दादाजी आपल्या नव्या बुटांकडे बघत राहिले. मामांची नजर फिरत फिरत आशाबाईवर आली. "बाई, हा तं तुमचं नाव सांगून राह्यला."

खोटं बोलावं तर रेटून, असं म्हणतात. आशाबाई हसली. ते हसू तिनं कुठून आणलं, ते तिचं तिलाच कधी कळलं नाही.

"सेंटरचा पोरगा आहे जी. अनाथ आहे. मी तिथी मंगळवार-शुक्रवार सेवेले जातो, तं हे सारे लेकरं मलेच आई म्हणतात. आमचंच नाव लावतात." मग लटारूभाऊंकडे वळून, आवाज चढवून, "काऊन हो भाऊ, सेंटरचं पोरगं वरातीत काऊन आणलं? काई झालं असतं तं?"

लटारूभाऊंनी तिच्याकडे पाहिलं. आरतीच्या ताटांकडे पाहिलं. मैनावर बसलेल्या हेमराजकडे पाहिलं, त्याचे डोळे भरून आले होते आणि ते कुणासाठी, हे सांगणं कठीण होतं. "चुकलं बाई," लटारूभाऊ म्हणाले.

पण घोडी अजून उभीच होती. ती कुणामुळे उभी आहे हे आशाबाईला पक्कं माहीत होतं. ती पुढे गेली, सगळ्यांसमोर मायेनं धरावं तसं प्रणितचं मनगट धरलं आणि नखं आत रुतवली.

"प्रणित. मी आई नाई. बाई म्हण."

त्यानं डोळे मिचकावले. "आई—"

"आई नाई. तुले आई नाई. बाई आहे. म्हण."

तो तिच्या तोंडाकडे बघत राहिला. नवा धडा आहे हे त्याच्या ध्यानात आलं. धडे त्याला आवडायचे. "आई नाई," तो सावकाश म्हणाला. "बाई आहे."

"शाबास. आता मैनाले चल म्हण."

त्यानं मैनावरच्या भावाकडे पाहिलं, फाटकाकडे पाहिलं. पण दोन वर्षांत त्यानं तिचं एकही सांगणं मोडलं नव्हतं.

"चल, मैना."

घोडी निघाली आणि नवरदेव मांडवात गेला. ढोल पुन्हा सुरू झाला.

लग्न दणक्यात झालं. अक्षता पडल्यावर मामांनी माईक हातात घेतला आणि सांगितलं, आजकाल अशी विहीण मिळायला भाग्य लागतं, जी अनाथ मुलांना पोटच्या लेकरासारखं सांभाळते. टाळ्या पडल्या. शाल आली, नारळ आला. आशाबाईनं दोन्ही घेतलं. बाहेर टेम्पोच्या फाळक्यावर बसून प्रणित लटारूभाऊंच्या हातून बुंदी खात होता आणि विचारत होता, बायको केव्हा येते. लटारूभाऊ आशाबाईच्या घराला शिव्या देत होते, तोंडातल्या तोंडात, आणि त्यातली एकही इथं लिहिण्यासारखी नाही.

अक्षता पडल्या होत्या. आता सांगायचं होतं. पण लग्नानंतरची पूजा होऊ दे म्हणून आठवडा गेला. करिष्मा पहिल्यांदा माहेरी जाऊन येऊ दे म्हणून महिना गेला. आणि करिष्मा इतकी चांगली निघाली, की तिला सांगणं रोज आदल्या दिवसापेक्षा जड होत गेलं. वाईट सून असती तर आशाबाईनं भांडणात तरी सांगून टाकलं असतं. ही सकाळी उठून पाया पडायची. दादाजींनी दोनदा विषय काढला, तिसऱ्यांदा काढला नाही. हेमराजनं तर एकदाही काढला नाही. प्रणित वसतिगृहातच राहिला.

आशाबाई मंगळवार-शुक्रवार जात राहिली. न जाऊन कसं चालणार, सेवेला तर जात होती. प्रणित मैनावर बसून तिला हात करायचा. "बाई आली!" म्हणायचा. पहिल्यांदा तिनं त्याला लिंबाआड नेऊन सांगितलं, अरे, आई म्हण, इथी कोणी नाई. तो गोंधळला, हेल्मेटवर हात मारायला लागला, रडायला लागला. ज्योत्स्ना मॅडम धावत आल्या आणि म्हणाल्या, एकदा पक्कं केलेलं बदलू नका हो, त्याला त्रास होतो. तिनं पुन्हा सांगितलं नाही. लटारूभाऊ ती आली की दोरी घेऊन मैदानाच्या पलीकडच्या टोकाला जायचे.

दिवाळी झाली. करिष्माला दिवस गेले होते, चौथा महिना लागला होता. एका शुक्रवारी ती चपला घालून दारातच उभी राहिली. "आई, मी पण येतो सेंटरवर. पोटातल्यावर चांगले संस्कार होतीन."

नाही म्हणायला कारण सुचलं नाही. दोघी गेल्या. करिष्मानं सोबत केळी घेतली होती. एकेका पोराला देत देत ती मैनापाशी आली, आणि वर बसलेल्या, दाढीचे खुंट वाढलेल्या, तिच्या नवऱ्यासारखंच नाक असलेल्या माणसाला तिनं केळं दिलं. पण नाकं कोण बघतं, माणूस लाळच बघतो.

"तुझी आई कुठी आहे?" करिष्मानं लाडानं विचारलं.

"आई नाई," प्रणित म्हणाला. "बाई आहे." आणि आशाबाईकडे बोट दाखवून हसला.

आशाबाईला आधी हायसं वाटलं. हे सांगायलाच हवं, कारण ते तसंच होतं. आधी हायसं वाटलं, आणि मग त्या हायसं वाटण्याची एवढी शिसारी आली की तिनं लिंबाचा बुंधा धरला.

करिष्माचे डोळे पाणावले होते. "याले घरचे कोणीच नाईत, आई?"

लटारूभाऊ दोरी धरून दोन हातांच्या अंतरावर उभे होते. सहा महिन्यांत पहिल्यांदा त्यांनी आशाबाईच्या डोळ्यांत पाहिलं आणि वाट पाहिली. आता कुणी लग्न मोडणार नव्हतं. मामा नव्हते, वरात नव्हती, पोटात पिंपळकरांचंच मूल होतं, आणि विचारणारी पोर तर एक शब्द ऐकला असता तरी प्रणितला आजच घरी घेऊन चला म्हणाली असती. एवढं सगळं आशाबाईला त्या क्षणी लख्ख दिसत होतं. तिनं तोंड उघडलं.

"नाईत," ती म्हणाली. "टाकून गेले त्याले."

लटारूभाऊंनी मान फिरवली. करिष्मानं कपाळाला हात लावला. "कसे लोक असतात बाप्पा," ती म्हणाली, आणि आशाबाईनं मान हलवली.